गाठीला दिलेली माफी साभार परत

नागाव,
मंगळवार, दुपारची भांडी घासून झाल्यावर

तू मला माफ केलंस म्हणे. कोणी सांगितलं होतं? मी अर्ज केला होता? दोन वर्षं माझा फोन उचलत नाहीस, आणि परवा तुझा तो दादू सुपारीचा टेंपो घेऊन आला तो थेट अंगणात उभा राहून, आमच्या खोल्यांत उतरलेल्या सहा पाहुण्यांच्या देखत, भोंगा लावल्यासारखा ओरडतो, "सखूआजी, वेणूआजीनं सांगितलाय, तवा तुमची गाठ बोलत व्हती, तुमी न्हाय. तिनं माफ केलाय!" पाहुण्यांतल्या एका बाईनं लगेच दादूला विचारलं, कसली गाठ. दादूनं स्वतःच्या गळ्यावर हात ठेवून दाखवली. म्हणजे आजार माझा, गळा दादूचा, माफी तुझी, आणि मी आपली केरसुणी घेऊन मधे उभी. अशी परस्पर माफी मला चालत नाही. ती ह्या पत्रासोबत परत पाठवते आहे, मोजून घे.

चि. सौ. वेणूस सखूताईचे अनेक आशीर्वाद. (राग वेगळा, आशीर्वाद वेगळा. मी दोन्ही एका पिशवीत घालत नाही.) तुझे गुडघे, भाऊजींची साखर आणि तुमच्या वाडीतली रोठा सुपारी, तिघंही बरी असतील असं धरून चालते. हरिहरेश्वराला गर्दी फार वाढली आहे असं ऐकते. आमच्याकडेही तेच. शनिवार-रविवार मुंबईची माणसं येतात, नारळाच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसतात आणि वर बघून विचारतात, नारळ डोक्यात पडत नाही ना. मी सांगते, माणूस बघून पडतो. मुलगा जीवन म्हणतो, आई, गिऱ्हाईक तुटेल. अजून एक तुटलेलं नाही. असो. बाकी सर्व कुशल आहे, फक्त माझ्या गळ्यात गाठ निघाली. ती कशी निघाली, थंड होता होता गरम कशी झाली, आणि त्यात सुकटीची बदनामी कशी झाली हे तुला दादूकडून उलटसुलट कळलेलं असणार. आता सुलट ऐक.

गेल्या गणपतीपासून मी वाळत चालले होते. जेवण दोन माणसांचं, अंगावर एकाचंही नाही. हात असे थरथरायचे की अडकित्ता धरवेना, सुपारीऐवजी अंगठा कातरला जायचा. छातीत कोणीतरी उखळ मांडून बसलेलं. मार्गशीर्षात लोक शाल घेतात तेव्हा मी पंखा लावून, खिडकी उघडून, पदरानं वारा घेत. नातू श्रेयस (तो नवी मुंबईत कॉम्प्युटरवर बसतो, पण सध्या घरूनच बसतो) म्हणाला, आजी, तू चिडचिड कमी कर, सगळं बरं होईल. चार वेळा म्हणाला. चिडचिड नव्हती ती चौथ्या वेळी झाली.

नाताळच्या सुट्टीत पुण्याची एक बाई उतरली होती. समुद्रावरनं यायची ती पायाला अर्धी चौपाटी घेऊन थेट न्हाणीत. मोरीतनं वाळू काढायला मी आहेच. तिसऱ्या दिवशी मी तिला दारातच धरली आणि बोलायला सुरुवात केली. मी बोलतेय आणि बाई माझ्या तोंडाकडे न बघता गळ्याकडे बघतेय. मला वाटलं, माळेवर डोळा आहे. मी जरा दम घ्यायला थांबले तशी म्हणते, "आजी, एक घोट पाणी पिऊन दाखवता?" मला वाटलं, गप्प करायला बघते. पण पाणी प्यायले. गळ्यात डाव्या बाजूला काहीतरी घोटाबरोबर वर गेलं आणि खाली आलं, विहिरीतल्या पोहऱ्यासारखं. बाई डॉक्टर निघाली. मी बहात्तर वर्षं रोज आरशात कुंकू लावायला, आणि आता नुसती टिकली लावायला, गळा बघते. मला दिसली नाही, आणि वाळू आणणाऱ्या बाईला दिसली. त्या नादात न्हाणीचा विषय राहूनच गेला.

मग अलिबागला रक्त दिलं. कागद आला त्यात एक आकडा जमिनीला टेकलेला आणि दोन माडावर चढलेले. डॉक्टर पोरसवदा, पण शहाणा. त्यानं कागदावर फुलपाखरू काढलं. म्हणाला, प्रत्येकाच्या गळ्यात अशी थायरॉइड नावाची ग्रंथी असते. (इतकी वर्षं बाळगलं, एकदा फडफडलं नाही.) ती एक रस रक्तात सोडते, त्यावर अंगाची धावपळ चालते. रस कमी पडला तर डोकं हुकूम पाठवतं, पुरेसा झाला की हुकूम थांबवतं. तुमच्या डोक्यानं हुकूम पाठवणं साफ बंद केलंय, तरी रस वाहतोच आहे. मी म्हटलं, म्हणजे मुकादम गप्प बसलाय, आणि एक गडी आपल्याच मनानं वाडीभर माडांची आळी खणत सुटलाय, आणि ते बघून बाकीचे गडी सावलीत जाऊन झोपलेत. तो पेन खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागला. म्हणाला, आजी, हे मी उद्यापासून पेशंटना असंच सांगणार. सांग म्हटलं.

पण तो गडी म्हणजे ही गाठच, हे ठरायचं होतं. गाठ स्वतः खणत असेल तर ती गरम गाठ. म्हणजे अंगाला त्रास, पण सहसा वाईट रोग नसतो. आणि बाकीचे खणतायत आणि गाठ नुसती बसून आहे असं असेल तर ती थंड गाठ. थंड गाठीत कधीकधी वाईट निघतं, म्हणून सुई घालून बघावं लागतं. हे कळायला दोन फोटो. पहिला सोनोग्राफीचा, त्यात गळ्याला गार चिकट लेप लावून वर इस्त्रीसारखं काहीतरी फिरवतात. त्यात गाठीची लांबीरुंदी कळते, स्वभाव कळत नाही. त्या माणसानं सांगितलं, सुपारीएवढी आहे. मी विचारलं, सालीसकट की सोललेली? आणि श्रीवर्धनची रोठा की साधी? त्यानं पुढचं नाव पुकारलं. अशा माणसांच्या हातात गळे द्यायचे.

दुसरा फोटो मुंबईला. त्यात दंडात औषध टोचतात, ते जिथे काम चालू असेल तिथे जाऊन बसतं आणि फोटोत चमकतं. त्याची तारीख पंधरा दिवसांनी मिळाली. तोवर हुकूम असा: मासळी बंद, पुड्यातलं मीठ बंद, कारण त्यात आयोडीन असतं आणि आयोडीननं ग्रंथीचं पोट भरलं तर ती टोचलेलं औषध तोंडात घेत नाही. मीठ मी पेणच्या मिठागरातलं खड्याचंच खाते, तो प्रश्न नव्हता. मासळी मी बंद केली. देवाशपथ केली. पापलेट दारावरून परत पाठवलं, कोळीण मला ताप आलाय का म्हणून कपाळाला हात लावून गेली. आता राहिली सुकट. वेणू, तुला सांगायला नको, सुकट म्हणजे मासळी नव्हे. मासळी म्हणजे जिला डोकं आहे, शेपूट आहे, काटा आहे, जी ताटात मधोमध बसते. सुकट ही ताटाच्या कडेला, लोणच्याच्या रांगेत. कांद्यावर परतलेली चिमूटभर सुकट नसेल तर भाकरी घशाखाली उतरायची कशी, आणि घशाचंच तर दुखणं होतं. (सोमवारी खात नाही हे खरं. पण तो महादेवाचा कायदा, डॉक्टरचा नव्हे.)

त्यात श्रेयसचं डोकं चाललं. त्याच्या ऑफिसात घरच्यांच्या तपासण्यांची काही सोय आहे. म्हणे, थांबायचं कशाला, गळ्याचा सीटी स्कॅन करून टाकू, मनाला शांती. कोणाच्या मनाला ते बोलला नाही. मला वाशीला नेलं, दंडातनं रंगाचं औषध सोडलं, अंगात कढत पाणी ओतल्यासारखं झालं, आणि सोललेल्या नारळाएवढा कागदांचा गठ्ठा हातात दिला. तो गठ्ठा श्रेयसनं फायलीत मागे लावला. ह्या गठ्ठ्यावर लक्ष ठेव.

ठरल्या दिवशी मांडव्याहून बोटीनं गेलो. मी, श्रेयस आणि त्याची बायको अमिषा. अमिषाला तेव्हा चौथा होता, बोटीत उलट्या काढत आली, पण आली. (मुलगी चांगली आहे. हे तिला सांगू नकोस.) त्या खोलीत मधुवंती नावाची मुलगी होती मशीन चालवायला. तिनं पोटुशीला दारातनंच लांब बसवलं, मला टोचलं, उताणं निजवलं आणि गळ्यावर हे एवढं ताट आणून धरलं. म्हणाली, पंधरा मिनिटं बोलायचं नाही, गिळायचं नाही. बाहेर श्रेयसला हे कळल्यावर तो म्हणाला म्हणे, ही मशीन घरी मिळते का.

आणि फोटोत काही नाही. गळ्याच्या जागी नुसतं मळभ. वर तोंडाजवळ लाळेच्या गाठी तेवढ्या चमकत होत्या, खाली अंधार. मधुवंतीचा चेहरा उतरला. आतल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, मासे खाल्ले का. मी ठणकावून नाही म्हटलं. परतीच्या बोटीत अमिषानं माझा हात धरून हळूच विचारलं, "आजी, खरं सांगा. जवळा, सोडे, सुकट, काहीच नाही?" मी म्हटलं, सुकट तर खाणारच ना. अर्धी बोट वळून बघायला लागली. घरी येईपर्यंत खटल्याचा निकाल लागला होता. जीवननं फळीवरचा सुकटीचा डबा उचलून शेजारी नेऊन दिला, माझ्या डोळ्यांदेखत, झाकणासकट. आल्यागेल्याला सांगायचे, आजीनं सुकट खाऊन मुंबईची मशीन बिघडवली.

त्यात अलिबागच्या डॉक्टरनं सांगितलं, फोटोवर काही ठरत नाही, गाठ थंडही असू शकते, महिन्याभरानं या, सुई घालून बघू. त्यानंतर घरात सगळे हळू बोलायला लागले. जीवन हळू, श्रेयस हळू, कुत्रासुद्धा दबकून भुंकायचा. मला ओरडणाऱ्या माणसांची भीती वाटत नाही, वेणू, हळू बोलणाऱ्यांची वाटते. मी आपली आवराआवर केली. कपाटाच्या किल्ल्या अमिषाकडे दिल्या, कोकमाचं आगळ कसं घालायचं ते तिनं न विचारता शिकवलं, आईची नथ कोणत्या डब्यात आहे ते दाखवलं. (भीतीबीती नाही. पसारा नको इतकंच.) त्या महिन्यात तुला सात वेळा फोन केला. तू उचलला नाहीस. आठव्यांदा केला नाही. मला आकडे कळतात.

सुई घालायच्या दिवशी डॉक्टरनं फाईल सहज मागून चाळली आणि तो वाशीचा गठ्ठा बाहेर आला. तारीख बघितली, मग श्रेयसकडे बघितलं. "हा सीटी कोणी करायला सांगितला?" श्रेयसचा आवाज खरोखरच हळू झाला. डॉक्टर म्हणाला, अहो, त्या रंगाच्या औषधात भरगच्च आयोडीन असतं. आजींनी वर्षभर सुकट खाल्ली असती तरी एवढं पोटात गेलं नसतं. ग्रंथी तिथेच तुडुंब भरली, मुंबईचं औषध घेणार कशी? (सुकटही नको होती असं तो पुढे म्हणाला. पण ते मी ऐकायला नीट जवळ नव्हते.) तर सुकट निर्दोष सुटली. चौथी शिकलेली आजी गुन्हेगार म्हणून महिनाभर फिरत होती, आणि खरा आरोपी बी. ई. निघाला. घरी आल्यावर जीवन शेजारून डबा घेऊन आला. डबा अर्धा झाला होता.

सुई राहू दे, आधी पुन्हा फोटो, असं ठरलं. तो रंग अंगातनं जायला दोन महिने थांबलो आणि पुन्हा तीच बोट, तीच मधुवंती. ह्या वेळी चित्र असं आलं की मलाही कळलं. सगळा गळा काळोख, आणि डाव्या बाजूला एकच दिवा, काळोख्या समुद्रात एकच होडी असावी तसा. बाकीचे गडी झोपलेले, हा एकटा खणतोय. डॉक्टरबाई हसून म्हणाल्या, आजी, गाठ गरम आहे, छान आहे! जन्मभर माझ्या गरमपणाला कोणी छान म्हटलं नव्हतं. अमिषा बाहेर बाकावर रडली. श्रेयस खाली जाऊन पेढे घेऊन आला आणि स्वतःच चार खाल्ले.

हे झालं ते चांगलं झालं. पुढे जे झालं ते तुला सांगायला हे पत्र. गाठ गरम, रस जास्त, म्हणून माणूस चिडतो, असं डॉक्टर एकदा बोलून गेला, आणि घराला सोन्याची खाण सापडली. माझं आजवरचं सगळं बोलणं गाठीच्या नावावर चढलं. जीवनच्या लग्नात मी भटजींना मंत्र गाळले म्हणून टोकलं ते गाठीनं. सरपंचाला भर ग्रामसभेत खाली बसवलं ते गाठीनं. श्रेयसनं तर डॉक्टरला विचारलं, "औषधानंतर स्वभाव पण बदलेल ना?" डॉक्टर म्हणाला, थोडं शांत वाटेल. त्या दिवसापासून घरात गणपतीचे मोजतात तसे दिवस मोजतायत. मी डॉक्टरला विचारलं, गाठ कधीची? म्हणाला, तीन-चार वर्षांची असेल, नक्की सांगता येत नाही. आणि माझी जीभ? ती तर दात यायच्या आधीपासूनची. शिवाय मी मधुवंतीला नीट विचारून घेतलंय. फोटोत गाठ दिसते, लाळेच्या गाठी दिसतात. जीभ दिसते का? म्हणाली, नाही आजी, जिभेचं ह्यात काही येत नाही. झालं तर मग. मशीनचा दाखला आहे माझ्याकडे. जीभ गाठीच्या ताब्यात नाही, माझ्या ताब्यात आहे.

तेव्हा तुझी माफी तुला परत. भाऊजींना नमस्कार. गुडघ्यांना निर्गुडीचा शेक दे, मलम लावत बसू नकोस.

तुझी थोरली बहीण,
सखू

ता. क. एक राहिलं. आता औषध द्यायचं ठरलंय. गोळी एकच आहे, आयोडीनचीच, पण किरणं सोडणारी. तो खणणारा गडी आधाशासारखी ती गिळतो आणि आतल्या आत गप्प होतो. छातीचं उखळ थांबवायचं तर लांबवून चालणार नाही, असं डॉक्टर म्हणतो. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी तारीख आहे. पण गोळीनंतर वीस-एक दिवस पोटुशी बाई आणि लहान पोरं ह्यांच्यापासून लांब राहायचं. अमिषाला सातवा लागलाय आणि आमच्या खोल्या पाहुण्यांच्या पोरांनी भरलेल्या. श्रेयस म्हणतो, तुला लॉजवर ठेवू. मी म्हटलं, मला तुझ्यापेक्षा गाठ बरी.

ता. क. दुसरा. तुमची मागची पडवी रिकामी असते असं दादू म्हणाला. संडास तिकडे वेगळाच आहे. तुझा ऋत्विक आणि त्याची बायको पुण्याला, म्हणजे घरात पोर नाही. मी ताट, वाटी, चादर घेऊन येईन. भाऊजींना माझ्यापासून चार हात लांब राहायची सवय आहेच, त्यांना नवीन काही शिकावं लागणार नाही. तुझी मांजर पोटुशी असेल तर आधी कळव, मी डॉक्टरला विचारून घेते.

ता. क. तिसरा. दोन वर्षांपूर्वी ऋत्विकच्या साखरपुड्याला मी तुझ्या व्याह्यांसमोर विचारलं, ही सुरमई समुद्रातनं आणली की बर्फातनं. विहीणबाईंचा घास हातात राहिला, तो मी पाहिला. सुरमई ताजी होती. मागच्या दारी धुताना मी कल्ले पाहिले होते, लालभडक. पण आईच्या वेळेपासून माशाचं डोकं थोरलीला असतं, आणि तू ते विहीणबाईंच्या ताटात घातलंस. म्हणून बोलले. गाठीला त्यातलं काही माहीत नाही, तिला मधे घेऊ नकोस. माफ करायचं असेल तर जी बोलली तिला कर, नाहीतर राहू दे.

ता. क. शेवटचा. ह्याचं उत्तर दादूनं अंगणात ओरडून द्यायचं नाही. तुमच्या शेजारच्या त्या साक्षी नावाच्या पोरीकडून लिहून घ्यायचं नाही. तिचं अक्षर फार सुंदर आहे, मला सुंदर नको. तू दुसरी नापास आहेस, तुझी अक्षरं सुकत घातलेल्या बांगड्यांसारखी एकमेकांवर पडतात, ती मी लांबून ओळखते. 'ये' लिहायचं असो की 'नको', वेणू, तूच लिही.